तत्त्वांची जादू खेळात उतरवताना: फॅन-मेड आरपीजीसाठी पहिली आखणी

एखाद्या कथाविश्वाचं वेड लागलं की नुसतं वाचून-पाहून भागत नाही. त्या जगात आपलंही एक पात्र असावं, त्याने आपल्या हाताने आग पेटवावी असं वाटायला लागतं. फॅन-मेड रोलप्लेइंग गेम (आरपीजी), म्हणजे चाहत्यांनी स्वतः रचलेले, एखादं पात्र बनून खेळायचे खेळ, बहुतेक इथूनच जन्माला येतात आणि त्यात सगळ्यात आधी लिहायला घेतली जाते ती जादू. मीही तशीच सुरुवात केली होती. आठ तत्त्वं, प्रत्येकाच्या दहा पातळ्या, प्रत्येक पातळीवर चार कौशल्यं. वही भरली, ३२० कौशल्यं झाली. खेळायला बसलो तेव्हा दिसलं की अग्निबाण, जलबाण आणि वायुबाण यांच्यात नावापलीकडे काहीच वेगळं नव्हतं. तिन्ही समोरच्याला लागत, तिन्ही दोन फाशांवर येईल तेवढं नुकसान करत. दुसऱ्या बैठकीपासून खेळाडूंनी नावं घेणंच सोडलं. "मी बाण मारतो," एवढंच म्हणायचे.

त्या वहीने मला एक गोष्ट पक्की शिकवली. तत्त्वाला रंग देऊन चालत नाही, स्वभाव द्यावा लागतो, आणि तो स्वभाव नियमांतून खेळाडूच्या वागण्यात उतरावा लागतो. पुढची आखणी याच एका गोष्टीभोवती आहे. टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा खेळ मी गृहीत धरला आहे, पण फासे सोडले तर बाकीचं लिहून खेळायच्या रोलप्लेलाही लागू पडतं.

## आधी मूळ जगाचं एक पान

ज्या कथाविश्वावर खेळ बेतायचा आहे, त्यातल्या जादूबद्दल चार गोष्टी एका पानावर उतरवा. ती कुणाला येते, कुठून येते, वापरणाऱ्याला काय सोसावं लागतं आणि तिच्याने काय अजिबात होत नाही. यातली चौथी सगळ्यात मोलाची. मूळ कथेत मेलेला माणूस परत येत नसेल, तर तुमच्या खेळातही येता कामा नये. त्या कथेतल्या प्रत्येक मृत्यूचं वजन त्याच नियमावर उभं असतं आणि तुमचे खेळाडू त्या वजनासाठीच आलेले असतात.

हक्कांबद्दल थोडक्यात. खेळाची पद्धत, म्हणजे फासे कसे टाकायचे आणि गुण कसे मोजायचे, यावर साधारणपणे कॉपीराइट नसतो. ती पद्धत सांगणारा मजकूर, चित्रं आणि संगीत यांवर असतो. नावं आणि बोधचिन्हं ट्रेडमार्क असू शकतात. म्हणून नियम स्वतःच्या शब्दांत लिहा, चित्रं उचलू नका आणि दुसऱ्याच्या जगावरचा खेळ परवानगीशिवाय विकू नका. तयार पाया हवा असेल, तर डंजन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीचा सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१, म्हणजे त्याच्या मूळ नियमांचा दस्तऐवज, जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. योग्य श्रेय देऊन त्यातला मजकूर वापरता येतो.

## तत्त्वं किती आणि त्यांचं नातं काय

नवा रचनाकार इथे हमखास घसरतो, कारण तत्त्व वाढवायला काहीच कष्ट पडत नाहीत. वीज घ्या, बर्फ घ्या, सावली घ्या. कष्ट नंतर पडतात, नात्यांमध्ये. तीन तत्त्वांच्या आपसांतल्या जोड्या ३ होतात, चारांच्या ६, पाचांच्या १० आणि आठांच्या २८. प्रत्येक जोडीचं काय होतं हे कधीतरी कुणीतरी विचारणार आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागणार. पहिल्या खेळासाठी तीन ते पाच पुरेत.

नात्यांचे तीन जुने सांगाडे आपल्यासमोर आहेत आणि तिन्ही खेळाच्या कामाचे आहेत.

ग्रीक सांगाडा चारांचा. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात एम्पेडोक्लीसने अग्नी, वायू, पाणी आणि पृथ्वी ही चार मुळं मांडली. पुढे अ‍ॅरिस्टॉटलने त्यांना गुणांच्या जोड्या दिल्या. अग्नी उष्ण आणि कोरडा, वायू उष्ण आणि ओला, पाणी थंड आणि ओलं, पृथ्वी थंड आणि कोरडी. शेजाऱ्यांमध्ये एक गुण सामाईक राहतो, समोरासमोरच्यांत एकही नाही. खेळात याचा अर्थ सरळ आहे. शेजारी तत्त्वं एकत्र वापरता येतील, समोरासमोरची एकमेकांना निष्प्रभ करतील.

चिनी वू-शिंग पाचांचं आहे आणि त्यात दोन चक्रं आहेत. पोषणाच्या चक्रात लाकूड अग्नीला, अग्नी मातीला, माती धातूला, धातू पाण्याला आणि पाणी पुन्हा लाकडाला वाढवतं. दमनाच्या चक्रात लाकूड मातीला आवरतं, माती पाण्याला, पाणी अग्नीला, अग्नी धातूला आणि धातू लाकडाला. म्हणजे कुणाचं सहकार्य घ्यायचं आणि कुणाला अडवायचं, हे दोन्ही एकाच आकृतीत मिळतं. इथे एक गणिती बाब ध्यानात ठेवा. संख्या विषम असेल तरच प्रत्येक तत्त्व जितक्यांवर भारी, तितक्यांपुढे कमी, अशी पूर्ण समतोल रचना जमते. सम संख्येत प्रत्येकाला उरलेले प्रतिस्पर्धी विषम असतात, त्यामुळे कुठेतरी बरोबरी ठेवावीच लागते.

तिसरा सांगाडा आपल्या पंचमहाभूतांचा आणि माझा जीव यावर जडला आहे. त्याची बांधणी चक्रासारखी नाही, उतरंडीसारखी आहे. आकाशातून वायू, वायूतून अग्नी, अग्नीतून आप, म्हणजे पाणी, आपातून पृथ्वी. आकाशाचा गुण शब्द, वायूचा स्पर्श, अग्नीचं रूप, आपाचा रस आणि पृथ्वीचा गंध. शिवाय प्रत्येक पुढचं महाभूत आधीच्यांचे गुण घेऊन येतं. आकाशाला फक्त शब्द, पृथ्वीला पाचही. याचा खेळात उपयोग करून पाहा. आकाशाचा साधक ऐकतो आणि ऐकवतो, अग्नीचा साधक दिसणाऱ्या गोष्टींवर चालतो, पृथ्वीच्या साधकाला पाचही ज्ञानेंद्रियांची वाट खुली असते पण तो सगळ्यात जड आणि मंद असतो. इथे नवखे एका प्रश्नावर अडतात. विज्ञानात आवाज हवेतून जातो, मग शब्द वायूचा का नाही? माझं उत्तर असं, की एक परंपरा निवडली की तिच्याशी प्रामाणिक राहा. शब्द आकाशाला दिला, तर वायूला दुरून स्पर्श करण्याची ताकद द्या. ती त्याला आवाजापेक्षा जास्त शोभते.

पुढची उदाहरणं याच पाचांची आहेत.

## प्रत्येक तत्त्वाला तीन क्रियापदं

आता प्रत्येक तत्त्वापुढे तीन क्रियापदं लिहा. नामं नकोत. 'आगीचा गोळा' लिहिलं की विचार तिथेच थांबतो, 'जाळणं' लिहिलं की खेळाडू विचारतो, काय काय जळू शकतं?

माझी यादी अशी आहे. अग्नी जाळतो, वितळवतो, उजळतो. आप वाहतं, विरघळवतं, भरून काढतं. पृथ्वी धरते, अडवते, आकार घेते. वायू ढकलतो, वाहून नेतो, उचलतो. आकाश ऐकतं, पोचवतं, जागा करून देतं.

मग प्रत्येकाला एक 'नाही' द्या. अग्नीने केलेलं मागे घेता येत नाही. जळालेलं पत्र परत येत नाही. पृथ्वीला घाई करता येत नाही. वायूला काहीही टिकवून ठेवता येत नाही, लक्ष हटलं की परिणाम संपला. आपाला, जिथे पाणी नाही तिथे ते निर्माण करता येत नाही. आकाशाला वस्तू हलवता येत नाही.

तपासणी सोपी आहे. कौशल्याचं आणि तत्त्वाचं नाव झाकून बाकीचा मजकूर मित्राला वाचायला द्या. हे कुठलं तत्त्व, हे त्याला ओळखता आलं पाहिजे. नाही आलं, तर ते कौशल्य पुन्हा लिहा.

## किंमत: एकच मोजपट्टी, पाच उतारे

जादूची किंमत कशी घ्यायची, याच्या रूढ वाटा ठाऊक असतील. 'माना'सारखे, म्हणजे साठवलेल्या जादूशक्तीचे, गुण खर्च करणं, दिवसाला ठरावीक मंत्र, एकदा वापरल्यावर काही पाळ्या थांबणं, किंवा चुकलं तर उलटणारा धोका. यातली कुठलीही वाट चालते. पण पाचही तत्त्वांना तीच किंमत तशीच लावली, की ती पुन्हा सारखी वाटू लागतात. उलट प्रत्येकाला वेगळी पद्धत दिली, तर नव्या खेळाडूला पाच प्रकारचे हिशोब शिकावे लागतात आणि सूत्रधाराला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला, सगळेच लक्षात ठेवावे लागतात.

मला लाभलेला मार्ग मधला आहे. सगळ्यांसाठी एकच मोजपट्टी ठेवा, 'ताण', ० ते ६. साधा प्रयोग १ ताण चढवतो, अवघड प्रयोग २. ताण ६ झाला, की तत्त्व साधकाच्या हातून सुटतं आणि पुढे काय होतं ते सूत्रधार सांगतो. चढण सगळ्यांची सारखीच. उतरण मात्र प्रत्येकाची वेगळी.

अग्नीच्या साधकाला आपल्यातली उष्णता कशात तरी सोडावी लागते. त्याने हात टेकवला ती वस्तू करपते. आपाच्या साधकाला पाण्याला स्पर्श करावा लागतो, म्हणून तो पखाल घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. पृथ्वीचा साधक एक पूर्ण पाळी पाय न हलवता उभा राहिला की त्याचा ताण १ने उतरतो. वायूचा साधक मात्र जागा बदलल्यावरच हलका होतो. आणि आकाशाच्या साधकाला एक पाळी मौन पाळावं लागतं, पात्रालाही आणि ते खेळणाऱ्या माणसालाही.

हा नियम टेबलावर आणला तेव्हा काय झालं ते मी विसरणार नाही. पृथ्वीवाली खेळाडू दारात उभी राहिली आणि हलेचना. वायूवाला सतत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. आकाशवाला ऐन चर्चेच्या वेळी तोंड मिटून बसला आणि बाकीचे त्याचे हातवारे वाचायला पुढे झुकले. कुणालाही मी 'आपल्या तत्त्वासारखं वागा' असं सांगितलं नव्हतं. ताण उतरवण्याच्या गरजेनेच त्यांना तसं वागायला लावलं. तुमच्या रचनेत एकाच भागावर वेळ घालवायचा असेल, तर इथे घाला.

## फासे

मी सहा बाजूंचे दोन फासे वापरतो. बेरजेत कौशल्याची पातळी मिळवायची. ६ किंवा कमी म्हणजे प्रयोग फसला, ७ ते ९ म्हणजे जमला पण काहीतरी मोजावं लागलं, १० किंवा अधिक म्हणजे पूर्ण जमला.

दोन फाशांचे ३६ निकाल होतात, त्यामुळे शक्यता हाताने मोजता येतात. पातळी ० असताना फसण्याची शक्यता १५/३६, म्हणजे सुमारे ४२ टक्के. पातळी १ला ती २८ टक्क्यांवर येते, २ला १७ आणि ३ला ८. पूर्ण जमण्याची शक्यता त्याच क्रमाने १७, २८, ४२ आणि ५८ टक्के. म्हणून पातळी ३च्या पुढे जाऊ नका. ४ दिलीत तर फसण्याचा एकच निकाल उरतो, दोन्ही फाशांवर एक, आणि मग फासे टाकण्यात अर्थ राहत नाही. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, ५ टक्के. तिथे +१ने नेहमी तेवढाच फरक पडतो, म्हणून तिथे पातळ्यांची शिडी लांब चालते.

मधला निकाल, ७ ते ९, हा या पद्धतीचा प्राण आहे. तिथे काय मोजावं लागतं, हे प्रत्येक तत्त्वासाठी आधीच लिहून ठेवा. आग हवी तिथे लागली, पण शेजारीही पसरली. निरोप पोचला, पण आणखी कुणीतरी ऐकला.

## पातळी चढली की आकडा नको, काम बदला

पातळी १ला एक फासा नुकसान, २ला दोन, ३ला तीन: अशी शिडी लिहायला सोपी असते आणि खेळायला कंटाळवाणी. त्याऐवजी प्रत्येक पातळीवर आधी न होणारी एक गोष्ट होऊ द्या.

अग्नीचं पाहा. शिकाऊ साधक असलेली ज्योत वळवतो, लहान-मोठी करतो, पण पेटवू शकत नाही. त्याला दिवा जवळ ठेवावा लागतो आणि शत्रूने दिवा विझवला की तो अडचणीत येतो. जाणता साधक स्वतः पेटवतो. सिद्ध साधक उष्णता काढून घेतो: पाणी गोठतं, दाराची लोखंडी कडी गारठून ठिसूळ होते, समोरच्याची मशाल विझते. तिसऱ्या पातळीला जाळण्याची उलट बाजू हाती आल्यावर खेळाडूच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो तिसऱ्या फाशाने येत नाही. 'बर्फ' हे वेगळं तत्त्व घ्यायची गरजही मग उरत नाही.

पाच तत्त्वं, तीन क्रियापदं, तीन पातळ्या म्हणजे एकूण ४५ कौशल्यं. सगळी आत्ताच लिहू नका. पहिल्या पातळीची १५ लिहा आणि खेळायला बसा.

## एक कौशल्य कसं लिहायचं

नाव, काय होतं, मर्यादा, ताण आणि ७ ते ९ आल्यास काय. पाच ओळींत बसलं पाहिजे. नमुना देतो.

पायबंद. पृथ्वी, पहिली पातळी.
उघड्या जमिनीवर उभ्या असलेल्या एकाचे पाय माती घट्ट धरते. सुटायला त्याची एक पाळी जाते.
साधकाचाही किमान एक पाय त्याच जमिनीला टेकलेला हवा. फरशीवर, लाकडी तक्त्यावर, नावेत चालत नाही.
ताण १.
७ ते ९: माती धरते, पण साधकाचा पायही तितकाच वेळ अडकतो.

मर्यादेच्या ओळीमुळेच खेळाडू विचारायला लागतात, "इथली जमीन कशी आहे?" हा प्रश्न ऐकू आला की समजा, पृथ्वी खऱ्या अर्थाने खेळात उतरली.

## तत्त्वं एकमेकांवर आदळतात तेव्हा

अनेक व्हिडिओ गेममध्ये विरुद्ध तत्त्वाला दुप्पट नुकसान असतं. टेबलावर मी हा मार्ग टाळायला सांगेन. एकदा तक्ता पाठ झाला की प्रत्येक लढाईचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. शिवाय दोन दुपटी एकत्र आल्या तर चौपट होते आणि तुम्ही मेहनतीने रचलेला शत्रू एका फटक्यात पडतो.

त्याऐवजी जागेला आणि माणसांना अवस्था द्या: ओलं, पेटलेलं, धुळीने भरलेलं, चिखल, वाफ. प्रयोग या अवस्था निर्माण करतात आणि पुढचे प्रयोग त्यांवर चालतात. ओल्यावर अग्नी चालवला तर जळत नाही, वाफ होते आणि एक पाळी कुणालाच पलीकडचं दिसत नाही. मातीवर आप आलं तर चिखल, त्यात धावता येत नाही. धुळीत वायू आला तर डोळे मिटावे लागतात.

कुठल्या जोडीला किती ताण द्यायचा हे ठरवताना निसर्गाकडे बघा. एक ग्रॅम पाणी २० अंश सेल्सिअसवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३३५ ज्यूल ऊर्जा लागते. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे २२६० ज्यूल, म्हणजे जवळजवळ सातपट. म्हणून माझ्याकडे पाणी तापवायला १ ताण आणि वाफ करायला २. खेळाडूला ज्यूल सांगायची गरज नाही, पण वाफ महाग आहे हे त्याला पटतं, कारण भांडं आटायला किती वेळ लागतो हे त्याने पाहिलेलं असतं.

## अग्नीच नेहमी जिंकतो का, हे मोजा

नुकसान दिसतं, अडवणं दिसत नाही. म्हणून पहिल्या बैठकीनंतर सगळ्यांना अग्नी हवा असतो. हे थोपवायला एक छोटा हिशोब करावा.

समजा लढाईत ७ किंवा अधिक आले की अग्नीचा प्रयोग लागतो आणि दोन फाशांचं नुकसान होतं. दोन फाशांची सरासरी ७, पातळी ० असताना लागण्याची शक्यता २१/३६. म्हणजे दर पाळीला सरासरी ४च्या किंचित वर. २० जीवनगुणांचा (ते संपले की पडणारा) शत्रू एकट्या साधकाला सुमारे पाच पाळ्या पुरतो. आता तोच शत्रू निम्म्या वेळा दोन फाशांचं नुकसान करत असेल, तर त्याची एक पाळी सरासरी साडेतीनाची. पायबंद जमला की त्याची ती पाळी वाया जाते, म्हणजे गटाचे साडेतीन जीवनगुण वाचतात. पायबंदही फसू शकतो, तेव्हा खरी किंमत दोनच्या आसपास. ही तफावत दिसली की पृथ्वीला थोडं झुकतं माप द्या: अडकलेल्यावर वार करणाऱ्याला फाशांवर +१. गटात चौघं असतील तर तो +१ तिघांच्या उपयोगी पडतो आणि पृथ्वीवाली खेळाडू हवीहवीशी होते.

पूर्ण समतोल साधायच्या मागे मात्र लागू नका. कुणीही रिकाम्या हाताने बसू नये, एवढं पुरे.

## खेळून पाहा

तीन प्रसंग लिहा: एक लढाई, एक बंद दार किंवा वाटाघाट, एक पळापळ. लढाईत झळकणारं तत्त्व वाटाघाटीत निरुपयोगी ठरतं का, हे त्यातूनच कळतं. गटात एक जण मुद्दाम जादू न येणारा ठेवा. तलवारबाज किंवा वैद्य असलेल्या त्या खेळाडूला सलग दोन पाळ्या काही करण्यासारखं सापडलं नाही, तर जादू फार सैल झाली आहे.

खेळ चालू असताना स्वतः बोलू नका, टिपत राहा. कुठलं कौशल्य एकदाही वापरलं गेलं नाही, नियम वाचायला खेळ कुठे थांबला, ताण उतरवायचा कोण विसरलं. बैठकीनंतर एकच गोष्ट बदला आणि पुन्हा खेळा. एका वेळी चार बदल केले, तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

आणि एक वेगळं पान राखून ठेवा, "मला असं करता येईल का?" या प्रश्नांसाठी. आमच्या पृथ्वीवालीने एकदा विचारलं होतं, "जमिनीला कान लावला तर मला पावलं मोजता येतील?" माझ्या यादीत असं काही नव्हतं. पण पृथ्वीत शब्दही आहे, स्पर्शही आहे, मग का नाही? त्याच रात्री ते दुसऱ्या पातळीचं पहिलं कौशल्य म्हणून लिहिलं गेलं. दुसऱ्या पातळीची उरलेली १४ लिहायला बसाल, तेव्हा हे पान समोर ठेवा.